हौसाने बदललेली ओळ

आता ‘बोंब’ म्हटलं की मुरबाडपासून कल्याणपर्यंतची कॉलेजची पोरं उड्या मारतात. पेपरात फोटो येतो. कोणी त्यांना रॉक म्हणतं, कोणी पंक म्हणतं. म्हणोत बापडे! पण हा बँड वर कसा आला असं त्यांच्यातल्या शेखरला विचारलं, की तो आईचं नाव घेतो. आणि ती माउली, सापगावची हौसा, तोंडाला पदर लावून म्हणते, “मी काय केलं? धवला गायला.”

धवला गायला म्हणे!

हौसा धवलारीण, लग्नात विधींचे धवले गाणारी. आमच्याकडे एक वेळ भटावाचून लग्न लागेल, पण धवलारीण नसेल तर हळद जागची हलायची नाय. ती गाण्यात सांगते आणि लोकांनी तसं करायचं. तांदूळ उचला म्हणाली की उचलायचे, नवऱ्याला पाटावर बसवा म्हणाली की बसवायचं. धवला मधेच तोडायचा नाही आणि त्यातलं सांगणं टाळायचं नाही, दोन्ही अपशकुन. हौसाने सासूकडून शिकलेले धवले तीस वर्षं गायले, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. तोच तिचा मान आणि तोच तिचा ताठा.

शेखरचं सगळंच उलटं. तो लग्नांत बेंजो पार्टीचा ड्रम वाजवायचा. अठ्ठ्याण्णवच्या सुमारास आटगावचा दीपेश मुंबईच्या कॉलेजातून कुठल्याशा इंग्रजी बँडची कॅसेट घेऊन आला आणि दोघांचं डोकं फिरलं. सूर तीनच, पण अंगात आल्यासारखे वाजवायचे आणि जे डाचतं ते ओरडून सांगायचं. त्यांना डाचत होतं पाणी. धरणं आमच्या तालुक्यात, पाइप आमच्या शेतातून, आणि उन्हाळ्यात हंडे आमचेच रिकामे. पोरांनी गाणं बांधलं:

धरण आमच्या दारात,
पाणी त्यांच्या न्हाणीत,
आमी प्यायचं काय?

“हे काय गाणं रे? नुसती बोंब आहे,” हौसा म्हणाली. पोरांनी तेच नाव घेतलं.

पण ऐकतो कोण! गणपतीत वाजवलं तर लोक म्हणाले, कोळीगीत लाव. तीन वर्षांत ते गाणं एकदाही शेवटापर्यंत गेलं नाही.

दोन हजार एकच्या वैशाखात कसाऱ्याकडच्या एका गावी महादूशेठच्या प्रणयचं लग्न निघालं. धवले हौसाचे, बेंजो शेखरचा. निघताना तिने त्याला दम भरला, “तिथं तुझी बोंब नाय पायजे. शेठने तोंड फिरवलं तर मला पुन्हा कोण बोलवील?” शेखरने मान डोलावली.

हळदीला नवऱ्याच्या अंघोळीचं पाणी गावच्या विहिरीतूनच आणायचं, वाजतगाजत. आणि विहीर तर ठणठणीत कोरडी! खालच्या आळीसाठी चार दिवसांनी टँकर आला होता. तो महादूशेठने अडवला आणि विहिरीत ओतला. रीत राहिली पाहिजे ना! अरे, पण उन्हाने तडकलेली ती विहीर, पाणी धरते थोडीच? सवाष्णी काठावर पोचेपर्यंत निम्मं पाणी भुईनेच पिऊन टाकलं. पलीकडे खालच्या आळीच्या बाया रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या आणि शेठची माणसं त्यांना अडवत होती, “आधी नवऱ्याचं, मग तुमचं.”

शेखरने ते पाहिलं. आईकडे बघायचं टाळून त्याने ड्रमवर काठी आपटली, दीपेशने गिटारवर तीन सूर धरले आणि बोंब सुटली.

पहिलं कडवं संपायच्या आत शेठने जनरेटर बंद करवला. माइक गेला, गिटार मुकी झाली. शेखरने काठ्या खाली ठेवल्या.

“हौसाबाई, पोराला आवरा,” शेठ म्हणाला. “धवला चालू करा.”

आधी तिला पोराचाच राग आला. शब्द मोडलास ना, मेल्या! मग तिने विहिरीत डोकावलं. पाणी डोळ्यांदेखत खाली चाललं होतं. पलीकडची म्हातारी काशी आपला कोरडा हंडा पदराने पुसून तयार ठेवत होती. हौसाला ते बघवेना.

तिने पाणी काढायचा धवला उचलला. बादली सोडा गो, पाणी वर काढा गो. नवऱ्याच्या आईने, गीताबाईने, बादली सोडली आणि वर काढली. पुढची ओळ सगळ्यांना पाठ होती: पहिला हंडा नवऱ्याला. हौसा मात्र गायली:

पहिला हंडा गो तहानेल्या आळीला,
धरण ज्यांच्या दारात गो, त्यांच्या रित्या हंड्याला.

चाल सासूची, बोल पोराचे.

“चुकलं तुमचं, हौसाबाई!” शेठ ओरडला. पण धवला तोडणार कोण? स्वतःच्या पोराच्या हळदीत अपशकुन कोण करून घेईल? हौसाने तीच ओळ पुन्हा घेतली. शेखरने काठ्या उचलून हळूच ठेका धरला. त्याला कुठे जनरेटर लागतो!

गीताबाईने शेठकडे एकदा पाहिलं. मग बादली घेऊन ती चालत पलीकडे गेली आणि काशीच्या हंड्यात ओतली.

हौसाच्या चालीतलं ते पोरांचं गाणं खालच्या आळीच्या बायांनी माहेरी नेलं, माहेरच्यांनी मुरबाडच्या बाजारात नेलं, आणि ‘बोंब’ला बोलावणी येऊ लागली. हौसाला मात्र त्या साली एकाही शेठच्या घरून बोलावणं आलं नाही. बोलावलं ते खालच्या आळीने, काशीच्या नातीच्या लग्नाला. तिथे ती बिचारी भीतभीत सासूचाच धवला गाऊ लागली, तर म्हाताऱ्या काशीने तिचा हात धरला.

“तो नको गो,” ती म्हणाली. “तुझा गा.”