सॅक्सनीचं 'लोअर' आणायला गेले त्याची गोष्ट

गिरगावातून निघताना मी इतकी रागावले होते की सूनबाईने पुढे केलेला चहासुद्धा परत पाठवला. मी चहा नाकारला की आमच्या घरात सगळे गुपचूप आपापल्या खोलीत जातात.

झालं होतं असं. माझी नात मुक्ता नर्स आहे. जर्मनीत हॅनोव्हरच्या एका इस्पितळात तिची नोकरी जवळजवळ पक्की झालेली. हॅनोव्हर येतं लोअर सॅक्सनी नावाच्या राज्यात. तिच्या एजंटने मात्र इंग्रजी अर्जात जिथे तिथे नुसतं 'सॅक्सनी' लिहून ठेवलं. नुसतं सॅक्सनी हे वेगळंच राज्य, पार पूर्वेला. आणि नर्सच्या परवान्याचं तिकडे ज्या त्या राज्याचं सरकार बघतं. रात्री आलेली मेल मुक्ताने सकाळी वाचली. तुम्हाला नक्की कुठल्या राज्यात यायचंय, असं इस्पितळाने विचारलं होतं. दुरुस्त अर्ज एजंटकडूनच आणि आजच्या आज हवा, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला. एजंट फोन उचलेना. मग काय, मी पातळ बदललं.

टॅक्सी सात रस्त्यापर्यंत बरी पळाली, पुढे अडकली. मुक्ता नखं खात होती. ऑपरेशनमध्ये न डगमगणारी पोरगी, आणि एका शब्दापायी तिचे ओठ सुकलेले.

"आज्जी, तिथे भांडू नकोस हां."

"मी कधी भांडते?"

टॅक्सीवाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि गाडी निमूटपणे डावीकडे घेतली.

एजंटचं ऑफिस लोअर परळला, जिथे पूर्वी गिरणी होती त्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. फाटकावर पास करायला माझा फोटो काढला. तो मुलगा म्हणाला, जरा हसा. मी हसले नाही. आत गुळगुळीत फरशीवर चप्पल घसरली, तेव्हा मात्र मुक्ता हसली. तेवढंच बरं वाटलं.

समोरच्याच चाळीत मी लग्न होऊन आले होते. तेव्हाचा माझा थाट काय सांगू! फोर्टातल्या ऑफिसात कुणी विचारलं, कुठे राहतेस, की मान वेळावून म्हणायची, वरळी साइडला. समुद्र दिसतो का? गच्चीवरून थोडासा! आमच्या गच्चीवरून दिसायची गिरणीची चिमणी (उंच धुराडं) आणि शेजारणीच्या वाळत घातलेल्या गोधड्या. येडी कुठली!

एजंट सामंत तरुण, गोड बोलणारा. चूक झाली असं तो म्हणेल अशी माझी समजूत होती. तो म्हणाला, "आजी, चूक नाही ती. लोअर बरं दिसत नाही. वाटतं, काहीतरी हलकं गाव असेल. म्हणून आम्ही सगळ्यांचंच काढतो."

सगळ्यांचंच! माझ्या कानशिलात आग पेटली.

मुक्ता हळू आवाजात म्हणाली, "सर, राज्याचं नाव आहे ते. लोअर म्हणजे सखल, समुद्राकडचा मुलूख. त्यात हलकं काय?"

मी त्याचं कार्ड उचललं. पत्ता छापला होता, 'अप्पर वरळी'. मग मला सगळं उमगलं.

"सामंत, खिडकीशी या. ती चाळ दिसते? तिथला पोस्टमन अजून लोअर परळची पत्रं घेऊन जिना चढतो. तुमच्या पत्त्याला काय हवं ते अत्तर लावा. माझ्या नातीचं राज्य बदलायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

तो वरमला, पण हौस जाईना. मग जर्मन नावच टाकतो म्हणाला, नीडरझाक्सन, भारी वाटतं. मुक्ताने नकारार्थी मान हलवली. इस्पितळ स्वतःच्या इंग्रजी मेलमध्ये लोअर सॅक्सनी लिहितं. अर्ज इंग्रजीत, तर नावही इंग्रजीतलं, आणि पूर्ण.

मी त्याच्या खुर्चीमागे उभी राहून प्रत्येक ठिकाणी बोट दाखवलं. अर्ज गेला. तो उठायला लागला तशी मी समोर बसले. म्हटलं, आता बाकीच्या मुलींचे. उद्या करतो म्हणाला. मग मी उद्यापर्यंत बसते, म्हटलं. त्याने माझा चेहरा पाहिला आणि पुन्हा खुर्चीत टेकला. मधे पाणी विचारलं. तेही मी परत पाठवलं.

तिथून लालबागला गेलो. मसाल्याच्या गल्लीतल्या खकाण्याने दोघी शिंकून बेजार झालो. एका मालवणी खानावळीत घावणे (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) आणि काळ्या वाटाण्याची उसळ घेतली. मुक्ता घास हातात धरून फोनकडेच बघत होती. शेवटी फोन वाजला. तिने वाचलं आणि तो माझ्यापुढे सरकवला. अर्ज मिळाला, कागद योग्य राज्याकडे पाठवतो. मग तिने माझ्या ताटातलंही घावण उचललं.

परतताना वाटलं, वरळी साइडला म्हणणारी ती पोरगी निदान फुशारकी मारून संध्याकाळी त्याच चाळीत जेवायला यायची. ही माणसं पाटीच बदलतात, आणि दुसऱ्याची पोर भलत्याच राज्यात जाऊन पडते. राग काही उतरेना.

घरी जिना चढतेय तोच सूनबाईचा आवाज. गॅलरीत शेजारणीला सांगत होती, आमची मुक्ता सॅक्सनीला चालली.

"लोअर," मी खालूनच म्हटलं.

"अहो आई, त्यांना काय त्याचं?"

"त्यांना नसेल. माझा संसार लोअरलाच झाला, आणि तुझा नवराही तिथलाच. म्हण पूर्ण."

तिने म्हटलं. शेजारणीनेही म्हटलं.

"आता ठेव चहा," मी म्हटलं.