केवडाबाईची दोन रिळं

वर्ध्याच्या स्टेशनकडल्या एका टॉकीजमध्ये बायकांच्या दारावर मनकर्णाबाई तिकिटं फाडायची. फिकट पातळ, डोक्यावरून घट्ट पदर, बोलणं बेताचं. रडणारं पोर असलं की त्याच्या आईला बाजूची खुर्ची द्यायची, आणि फारच रडलं तर स्वतः उचलून व्हरांड्यात फिरवायची. मात्र दिवे गेले, पडद्यावर पाट्या पडायला लागल्या की ती बाहेर येऊन स्टुलावर बसे. इतकी वर्षं टॉकीजमध्ये काढून तिनं एक सिनेमा पाहिला नव्हता. बायकांना वाटे, म्हातारी धार्मिक असेल.

ती भाच्याकडे, म्हणजे भावाच्या मुलाकडे, बाबारावकडे राहायची. बाबाराव कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून. त्याला आणि त्याची मुलगी रुख्मिणी हिला एवढंच ठाऊक होतं, की आत्या लहानपणी विधवा झाली, वडिलांसोबत मुंबईला गेली, तिथं कुठल्याशा शाळेत स्वयंपाकाला होती आणि वडील वारल्यावर परत आली. बाबारावच्या बापानं हे सांगून ठेवलं होतं आणि मनकर्णाबाईनं ते कधी खोडलं नव्हतं.

पंचाहत्तर सालच्या हिवाळ्यात त्या टॉकीजच्या रंगमंचावर मुंबईच्या मंडळींचं नाटक लागलं. त्यात सदानंद नावाचा एक म्हातारा नट होता. मधुकरराव म्हणून कॉलेजात मराठी शिकवणारे एक प्राध्यापक त्याची सरबराई करत होते. दोघं व्हरांड्यातून आत जाता जाता सदानंद थबकला.

"केवडा? अगं, तू केवडा ना?"

"कोन केवडा?" मनकर्णाबाई म्हणाली. "तुमची चूक होऊन राह्यली जी."

"चूक कशी होईल? हनुवटीवरची ही खूण माझ्या डोळ्यांदेखत पडली. तळ्यात उडी मारलीस आणि खाली दगड निघाला!"

तिकिटं हातात धरून बायका बघत राहिल्या. मनकर्णाबाईनं इकडेतिकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "हळू बोला, सदूभाऊ."

मधुकररावांनी ते ऐकलं.

तिचा बाप झिबलाजी सुतार देवळीचा. एका ठेकेदाराबरोबर मुंबईला गेला आणि सिनेमाच्या कंपनीत लाकडी राजवाडे उभे करायला लागला. पोर विधवा झालेली, सासरी तिला कोणी ठेवून घेईना, म्हणून तिलाही घेऊन गेला. ती कामगारांच्या भाकरी थापायची. एकदा राजकन्येनं तळ्यात उडी घ्यायची होती आणि नायिका काही पाण्यात उतरेना. मनकर्णा तर नदीवर पोहत वाढलेली. तिला नायिकेचे कपडे घालून कड्यावर उभं केलं. ती उडी मारून हनुवटीतून रक्त गाळत वर आली, ती हसत. दिग्दर्शकानं तो हसरा चेहरा पाहिला आणि पुढच्या चित्रात तिलाच घेतलं. मनकर्णा हे नाव पाटीवर लांबतं म्हणून तिची मिस केवडा झाली.

मग चार-पाच वर्षं ती राणी झाली, जोगीण झाली, शापानं शिळाही झाली. मूकपटांचे दिवस. बोलायचं नसे, डोळ्यांनी आणि हातांनी सांगायचं, आणि ते तिला यायचं. 'मयूरवनाची राणी' या चित्रात ऐन वेळी दरवान झालेला माणूस आला नाही, तेव्हा झिबलाजीच्याच हातात भाला देऊन त्याला राजवाड्याच्या दारात उभं केलं. दार त्यानंच कोरलेलं होतं. कॅमेरा फिरत असताना बाप खोट्या मिशांतून लेकीकडे बघून हसला म्हणून दिग्दर्शक ओरडला होता.

बोलपट आले आणि तिला आवाजाच्या परीक्षेला बोलावलं. हिंदीतलं एक वाक्य होतं, नवऱ्याची क्षमा मागण्याचं. तिनं ते पाठ केलं, म्हटलं. यंत्रातून परत ऐकवलं तेव्हा तो जाडाभरडा, वऱ्हाडी हेलाचा आवाज आपला आहे यावर तिचाच विश्वास बसेना. यंत्रावरचा माणूस तोंड फिरवून हसला. दिग्दर्शक हसला नाही. "बाई," तो म्हणाला, "तुमचे डोळे बोलत होते तेच बरं होतं." त्यानंतर ती गर्दीतल्या बायकांत उभी राहायची. पुढं बाप तापानं गेला. त्याचा एक फोटोसुद्धा काढलेला नव्हता. ती रेल्वेत बसली आणि परत आली, आणि मुंबईतल्या दिवसांबद्दल तोंड मिटलं ते मिटलंच.

मधुकररावांना सिनेमाचा नाद. त्यांनी गावात फिल्म सोसायटी काढली होती. ते घरी आले, सदानंदाकडून कळलेलं सगळं बाबारावला सांगितलं. बाबाराव चाटच पडला, पण प्राध्यापक खुर्चीवर बसून आत्याला 'बाईसाहेब' म्हणत होते, तेव्हा त्याला थोडा अभिमानही वाटला.

"पुण्यात एका हौशी गृहस्थांकडे 'मयूरवनाची राणी'ची दोन रिळं आहेत," मधुकरराव म्हणाले. "बाकीची जळाली की काय झालं, कोणाला माहीत नाही. ही दोन आम्ही आणतो. तुमचा सत्कार करू."

मनकर्णाबाई मघापासून नाही-नाहीच म्हणत होती. आता तिनं मान वर केली.

"कोनती दोन?"

"ते काही बघितलं नाही. का?"

"राजवाड्याच्या दाराची हायेत का त्यात?"

"असतील."

"मंग आना," ती म्हणाली.

एका रविवारी सकाळी त्याच टॉकीजमध्ये कार्यक्रम झाला. मनकर्णाबाई आयुष्यात पहिल्यांदा तिथल्या पुढच्या खुर्चीवर बसली. शेजारी रुख्मिणी. हारतुरे झाले, भाषणं झाली, दिवे गेले. तळं दिसलं, मग बाग. आणि बागेतून राणी आली ती तुरुतुरु, चावी दिलेल्या बाहुलीसारखी. मान झटक्यानं वळे, हात फडफडत. मागच्या पोरांनी हसायला सुरुवात केली. राणीनं पतीचं प्रेत पाहून छाती पिटली तेव्हा तर सगळं टॉकीज हसलं. रुख्मिणीनंही पदरात तोंड लपवलं; तिचे खांदे हलत होते.

मनकर्णाबाईला ते हसणं ऐकू येत होतं, पण ती मान पुढं काढून नुसती बघत होती. राजवाडा आला. कोरीव खांब आले. दार आलं, आणि दारात भाला घेतलेलं कोणीतरी उभं होतं. चेहरा नीट दिसायच्या आत ते निघून गेलं. पडद्यावर पांढरा उजेड पडला. लोक टाळ्या वाजवायला लागले.

ती उठून सरळ मशीनच्या खोलीचा जिना चढली. ऑपरेटर प्रेमदास तिला रोजचा ओळखीचा.

"प्रेमदास, पुन्यांदा लाव ना बापा. हळू लाव."

"हळू नाई लागत, बाई," तो म्हणाला. "त्या काळी हातानं फिरवून राह्यले असतील. आपली मशीन एकाच चालीनं पळते. मी काय करू?"

मागून मधुकरराव धापा टाकत आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "बाईसाहेब, माझी चूक झाली. मला आधी समजायला हवं होतं. जुनी मशीन मिळवतो कुठूनतरी, मग पुन्हा रिळं मागवू, तुम्हाला एकटीला दाखवतो. शब्द देतो."

ते रिळं परत करायला पुण्याला गेले. इकडे नागपूरच्या एका वर्तमानपत्रात बातमी आली, फोटोसकट. रुख्मिणीचं लग्न आर्वीकडच्या एका घरी जवळपास ठरलं होतं, सुपारी फुटायची राहिली होती. मुलाच्या काकांनी येऊन बाबारावच्या ओसरीवर पाणीही घेतलं नाही. "घरात सिनेमाची बाई हाय, हे तुमी सांगतलं नाई," एवढंच बोलून ते गेले.

त्या संध्याकाळी बाबाराव आत्यासमोर येऊन बसला. तो रागावून बोलला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"चाळीस वर्षं तू बोलली नाई, आत्या. मंग आताच काऊन बोलली? पोट्टीचं लगीन होऊन जाऊ द्याचं होतं."

बापाला बघायचं होतं, हे तिच्या ओठांवर आलं. पण आत रुख्मिणी रडत होती, आणि त्या रडण्यापुढं मेलेल्या बापाचं नाव काढायला तिची जीभ उचलली नाही.

टॉकीजच्या दारावरही धड राहिलं नाही. पोरं बायकांच्या दारापाशी येऊन "ए हिरोइन, नाचून दाखव" म्हणायची, बायका तिच्याकडे टकमक बघायच्या. मॅनेजरनं तिला समजावून घरी बसायला सांगितलं. ती देवळीला आनंदाबाई नावाच्या दूरच्या नात्यातल्या बाईकडे निघून गेली. आनंदाबाईनं गोठ्याशेजारची खोली दिली. दोघी मिळून लोकांच्या डाळी निवडून, पापड लाटून पोट भरायच्या. रुख्मिणीला पुढं हिंगणघाटकडच्या एका बिजवराला दिलं. त्याची पोरं तिच्याएवढीच होती. लग्नाला मनकर्णाबाईला बोलावणं आलं नाही.

ती मधूनमधून एसटीनं वर्ध्याला जायची, मधुकररावांच्या फाटकाशी उभी राहायची. "रिळं कवा आनता जी?" सुरुवातीला ते आत बोलवत, चहा देत, मशीन कुठं-कुठं शोधली ते सांगत. मग त्यांच्या मागं विभागप्रमुखपण लागलं, सोसायटी बंद पडली. नंतर त्यांची बायको फाटकातूनच सांगायची, "घरी नाहीत." आत त्यांचा खोकला ऐकू यायचा. मनकर्णाबाई "बरं जी" म्हणून स्टँडवर परतायची. असं करता करता तिच्या डोळ्यांवर साय धरली.

एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात मधुकरराव स्वतःहून देवळीला आले. ती ओसरीवर सुपात तुरीची डाळ घेऊन बसली होती, बोटांनी चाचपून खडे काढत. आवाजावरून तिनं ओळखलं आणि आनंदाबाईला चटई टाकायला सांगितलं.

"पुण्याला गेलो होतो," ते म्हणाले. "ते गृहस्थ वारले. मुलानं माळ्यावरचे डबे काढून दिले. उघडले तर आत नुसती भुकटी आणि आंबूस वास. उन्हानं सगळं गेलं, बाईसाहेब."

"दोनी?"

"दोन्ही."

तिची बोटं डाळीत थांबली. मग ती म्हणाली, "तुमी त्या दिवशी पाह्यलं असन. दारात भाला घेऊन एक मानूस उभा होता. कसा दिसत होता जी तो?"

मधुकररावांना काहीच आठवत नव्हतं. त्या दिवशी त्यांचं सगळं लक्ष हसणाऱ्या लोकांकडे होतं. पण समोर त्या पांढुरक्या डोळ्यांनी आवाजाच्या दिशेनं वळलेला चेहरा होता.

"होता ना," ते म्हणाले. "चांगला उंचापुरा. तुमच्याकडे बघत होता."

मनकर्णाबाईनं सूप मांडीवर ओढलं.

"ठेंगना होता माहा बाप," ती म्हणाली. "माह्या खांद्याएवढा."

मधुकरराव आनंदाबाईनं आणलेलं पाणी प्यायले आणि उन्हातच स्टँडकडे निघाले.

मनकर्णाबाई त्यानंतर फार जगली नाही. डोळ्यांसाठी सेवाग्रामच्या दवाखान्यात चल म्हणून आनंदाबाई मागं लागली, पण "पाहाचं काय राह्यलं?" म्हणून ती गेली नाही. पुढच्या पावसाळ्यात ओसरीवरच पडली आणि दोन दिवसांत गेली. बाबाराव येऊन सगळं यथासांग करून गेला. हिंगणघाटला रुख्मिणीला निरोप पाठवायचा का, असं आनंदाबाईनं विचारलं, तेव्हा तो पायात चपला घालत म्हणाला, "राहू दे. तिच्या घरचे पुसतील, कोन होती म्हून."