आठल्यांचं गाजलेलं उत्तर

हेमचंद्र आठल्ये मूळचे मिरजेचे. लखनौला आले ते १९९२ साली, हज़रतगंजजवळच्या एका संशोधन संस्थेत कॉम्प्युटर विभागात नोकरी लागली म्हणून. दोन-तीन वर्षं काढू आणि पुण्याकडे बदली घेऊ, असा बेत होता. पण बायको लता इथल्या शाळेत गणित शिकवायला लागली, मुलगी मुक्ता इथेच जन्मली, इथेच हिंदीत भांडायला शिकली, आणि बदलीचा विषय कधी मागे पडला ते कळलंही नाही. संस्थेत त्यांना 'आठल्ये' कुणी म्हणत नसे. लखनौच्या जिभेवर ते 'आठले साहब' झाले होते.

शास्त्रज्ञांच्या त्या संस्थेत कॉम्प्युटरवाल्याला मान बेताचाच. प्रिंटर अडला की आठले साहब, व्हायरस शिरला की आठले साहब. एरवी जेवणाच्या टेबलावर मोठी माणसं आपापल्या शोधनिबंधांबद्दल बोलत आणि हे मुकाट्याने डबा संपवत. त्यांना मान मिळत होता तो दुसरीकडेच. 'कोड-चौपाल' नावाचं प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांचं एक संकेतस्थळ होतं. कुणी आपली अडचण मांडायची, जाणत्यांनी उत्तर लिहायचं, वाचणाऱ्यांनी पसंती द्यायची. आठल्ये तिथे 'मिरजकर' या नावाने लिहीत. २००५ साली एका विद्यार्थ्याने विचारलं, वेबसाइटवर नाव आणि पासवर्ड घालून आत शिरण्याचं पान कसं बनवायचं? आठल्यांनी तीन दिवस खपून सगळा प्रोग्रॅमच लिहून दिला, ओळ न् ओळ समजावून. त्या उत्तराला चार हजारांवर पसंत्या मिळाल्या. उत्तराखाली त्यांनी स्वतःच्या छोट्याशा वेबसाइटचा पत्ताही दिला होता. लोक तिथे येत, आभार मानत. मुक्ता तेव्हा शाळेत होती. मैत्रिणींना ती सांगायची, "मेरे बाबा का जवाब पूरा इंडिया पढ़ता है."

२००८ मध्ये चौपालाने त्यांना मॉडरेटर केलं. म्हणजे झाडलोट करायची. कुणी उत्तराच्या नावाखाली आपल्या क्लासची किंवा वेबसाइटची जाहिरात केली की ती काढायची. जुनी, आता न चालणारी उत्तरं बाजूला सारायची. ऐकत नसेल त्याचं खातं बंद करायचं. रोज संध्याकाळी चहा झाला की ते या कामाला बसत. हात कडक होता. कुणी विनवण्या केल्या तरी बधत नसत. "नियम म्हणजे नियम," असं ते लताला सांगत, आणि सांगताना थोडे ताठ होत. मात्र स्वतःच्या त्या उत्तराखालचा स्वतःच्या वेबसाइटचा पत्ता त्यांनी तसाच ठेवला होता. तो नियमाच्या आधीचा, अशी मनाची समजूत घातली होती.

२०११ च्या मार्चमध्ये त्या उत्तराखाली एक टिपण आलं. नयना श्रीवास्तव नावाच्या कुणा बाईंचं. त्यांनी लिहिलं होतं की ही पद्धत आता जुनी झाली आहे आणि धोक्याची आहे. पासवर्डच्या रकान्यात कुणी चलाखीने कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमाचा तुकडा टाइप केला तर पासवर्ड नसतानाही दार उघडतं आणि आतली सगळी माहिती हाती लागते. सुरक्षित पद्धत मी माझ्या पानावर समजावली आहे, असं म्हणून खाली पत्ता.

आठल्यांनी ते पान उघडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात स्वतःचाच प्रोग्रॅम चालवून तो तुकडा टाइप करून पाहिला. दार उघडलं.

बाई शंभर टक्के बरोबर होत्या. आठल्यांचे कान तापले. उत्तर दुरुस्त करायचं म्हणजे सहा वर्षं चुकीचं छापलं गेलं, हे चार हजार लोकांपुढे कबूल करायचं. सवडीने करू, असं त्यांनी ठरवलं. आणि तोवर ते टिपण काढून टाकलं. काढताना कारण निवडावं लागे; त्यांनी निवडलं, 'स्वतःची जाहिरात'.

बाईंनी पुन्हा लिहिलं. पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा त्यांनी पत्ता न देता नुसता इशारा लिहिला. आता जाहिरातीचं कारणही उरलं नव्हतं. आठल्यांनी तो काढला आणि 'वारंवार नियमभंग' असा शेरा मारून त्यांचं खातंच बंद केलं. त्या संध्याकाळी त्यांनी नेहमीपेक्षा एक कप चहा जास्त घेतला आणि टीव्हीवरची मॅच पाहत बसले. सवड काही मिळाली नाही. मनात असतं तर एका तासाचं काम होतं.

दोन वर्षं गेली. मुक्ता आता शहरातल्या एका मुलींच्या कॉलेजात कॉम्प्युटरचं शिकत होती आणि वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या घरून बसने जा-ये करत होती. कॉलेजच्या हॉस्टेलसाठी नावनोंदणीची वेबसाइट बनवायचं काम तिच्याकडे आलं तेव्हा घरात पेढे आले. तिने ती आठवडाभरात उभी केली. बापाने एकदा तरी आत डोकावून पाहायचं होतं. त्यांनी पाहिलं नाही. पोरीला स्वतःचं स्वतः करू दे, असं म्हणाले.

ऑगस्टमध्ये कुणा बाहेरच्याने ती फोडली. एकशे चाळीस मुलींचे फोटो, घरचे पत्ते, मोबाइल नंबर भलत्याच पानावर जाऊन पडले. मुलींचे फोन वाजायला लागले. अनोळखी पुरुष, घाणेरडं बोलणारे. गोंडा, सीतापूर, बहराइचहून बाप आले आणि मुलींच्या बॅगा उचलून घेऊन गेले. काही दिवसांनी बहुतेकजणी परतल्या. बहराइचची एक मुलगी परतली नाही.

कॉलेजने चौकशीला पालकांनाही बोलावलं. प्राचार्यांच्या खोलीत मुक्ता टेबलासमोर उभी होती, आठल्ये भिंतीकडेच्या खुर्चीत. प्रोग्रॅम तपासायला मुलींच्या पॉलिटेक्निकमधून एक शिक्षिका बोलावल्या होत्या. चाळिशीच्या, सुती साडी, हातात छापील कागद. प्राचार्यांनी ओळख करून दिली, "नयना श्रीवास्तव जी."

आठल्यांनी मान खाली घातली.

"ये कोड मैं पहचानती हूँ," नयनाबाई म्हणाल्या. "चौपाल पर एक पुराना जवाब है, उसी से उठाया है. देखिए, यहाँ 'चेक' की स्पेलिंग ग़लत है. वहाँ भी ग़लत है. मैंने तीन बार चेतावनी लिखी थी. कोई मिरजकर नाम का मॉडरेटर है, उसने मेरा खाता ही बंद कर दिया."

मुक्ताने वळून बापाकडे पाहिलं. क्षणभरच. तिला मिरजकर कोण ते लहानपणापासून ठाऊक होतं.

"बेटा, ये किसका कोड है?" प्राचार्यांनी विचारलं.

उठावं, बोलावं, असं आठल्यांच्या मनात आलं. ते खुर्चीतच बसून राहिले.

"इंटरनेट से लिया था, मैम," मुक्ता म्हणाली. "मुझे जाँचना चाहिए था. ग़लती मेरी है."

शिक्षा ठरली. सभागृहात सगळ्या मुलींपुढे उभं राहून मुक्ताने माफी मागायची, आणि कॉम्प्युटर विभागाचं कुठलंही काम वर्षभर तिला द्यायचं नाही. आठल्यांनी पालक म्हणून त्या कागदावर सही केली. सही नेहमीसारखीच वळणदार आली, याचीच त्यांना पुढे सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली.

दोघं घरी आली. पायरीवर चप्पल काढता काढता मुक्ताने विचारलं, "उनका लिखा आपने पढ़ा था?"

खोटं बोलायला जागा होती. हजारो टिपणं येतात, कुठलं लक्षात राहणार, असं म्हणता आलं असतं.

"वाचलं होतं," आठल्ये म्हणाले.

"समझ में आया था?"

"हो."

"अच्छा," ती म्हणाली आणि आत गेली.

लताने सगळं ऐकून घेतलं. ती ओरडली नाही, रडलीही नाही. तपासायच्या वह्या बाजूला ठेवून म्हणाली, "अहो, आधी त्या बाईंकडे जा. मग कॉलेजात. मुक्ताची माफी शेवटी मागा. ती घरातच आहे, पळून जात नाही. सोपं ते आधी उरकू नका."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून आठल्ये चारबागच्या पलीकडे पॉलिटेक्निकला गेले. नयनाबाई प्रयोगशाळेत होत्या, तास सुरू व्हायचा होता. आठल्यांनी दारातच सांगितलं, "मैडम, मिरजकर मैं हूँ."

नयनाबाई म्हणाल्या, "आप तो उस लड़की के पिता हैं."

"जी."

"और आप वहाँ बैठे रहे?"

नयनाबाईंनी खडू ठेवला. "मुझे लगा था मुझमें ही कमी है. वो पन्ना मैंने अपनी लड़कियों के लिए बनाया था, बेचने को कुछ था ही नहीं. विज्ञापन का ठप्पा लगा तो छह महीने कहीं कुछ लिखा नहीं."

"माफ़ी माँगने आया हूँ."

"माफ़ी बाद में. वो जवाब अभी भी वहीं है ना? आज भी कोई उठा रहा होगा. पहले उसे हटाइए." त्यांनी एक खुर्ची ओढून दिली.

पंचवीस मुली येऊन बसू लागल्या होत्या. त्यांच्यासमोर आठल्यांनी चौपाल उघडलं. उत्तरावर आता सहा हजारांवर पसंत्या होत्या. काढण्याचं बटण दाबल्यावर कारणांची यादी पुढे आली: कालबाह्य, दिशाभूल करणारं, स्वतःची जाहिरात. एकच निवडता येत होतं. 'कालबाह्य' निवडणं सोपं होतं. त्यात माणसाचा दोष नसतो, काळाचा असतो. आठल्यांनी 'स्वतःची जाहिरात' निवडलं. मग बंद केलेलं खातं उघडलं, काढलेली तिन्ही टिपणं परत लावली आणि स्वतःच्या खऱ्या नावाने, काय केलं आणि का केलं ते लिहिलं. शेवटी मॉडरेटरपदाचा राजीनामा दिला. नयनाबाई मागे उभ्या राहून वाचत होत्या. "ठीक है," एवढंच म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या.

मग कॉलेजात जाऊन त्यांनी सगळं पत्रात लिहून दिलं. प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं. "उस दिन क्यों नहीं बोले?"

"शर्म आई थी, मैडम."

"और आज?"

"आज भी आ रही है."

मुक्ताची सभागृहातली माफी तोवर होऊन गेली होती. ती काही परत घेता येत नव्हती. तिच्यावरची कामाची बंदी उठली, पत्र मुलींना वाचून दाखवलं गेलं, आणि दोन दिवसांत आठले साहबांच्या संस्थेतही बातमी पोचली. जेवणाच्या टेबलावर त्यांना जरा जास्तच आग्रहाने लोणचं वाढलं गेलं, आणि ते त्यांच्या डब्यात तसंच राहिलं.

मुक्ताची माफी त्यांनी सगळ्यात शेवटी मागितली, सकाळी ती बससाठी निघताना. तिने ऐकलं, दप्तर खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "बहराइच वाली के घर गए थे?"

गेले नव्हते. त्या रविवारी कैसरबागहून बस पकडली. पत्ता शोधत गेले तेव्हा दुपार झाली होती. मुलीचे वडील घराबाहेर खाटेवर बसले होते, बियाण्यांच्या दुकानात काम करणारे साधे गृहस्थ. आठल्यांनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. त्यांना प्रोग्रॅम-बिग्रॅम कळलं नसावं. एवढं मात्र कळलं की या माणसाला धोका ठाऊक होता आणि हा गप्प राहिला. त्यांनी आतून पाणी मागवलं. पाणी घेऊन मुलगीच आली. पेला आठल्यांच्या हातात देऊन, न बघता, ती आत निघून गेली.

"इतनी दूर आए, आपकी शराफ़त है," वडील म्हणाले. "बी.ए. का फ़ॉर्म भरवा दिया है, घर से ही कर लेगी. अब लखनऊ नहीं जाएगी."

आठल्यांनी हात जोडून विनवलं; कॉलेज सगळी काळजी घेईल, मी स्वतः जबाबदारी घेतो, असं सांगितलं.

"आपकी ज़िम्मेदारी?" ते शांतपणे म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच पुढे बोलण्यासारखं काही राहिलं नाही.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या माणसाने, कुठून आलात, काय काम होतं, असं लखनवी अगत्याने विचारलं. आठल्यांनी फक्त 'बहराइच' एवढंच सांगितलं. घाघरा नदीचा पूल येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत राहिले. घरी मुक्ता जागीच होती. तिने विचारलं, "मिली?"

"भेटली. पाणी दिलं. येणार नाही म्हणाले."

मुक्ताने मान हलवली. मग इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच ती त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसली, आणि मराठीत, अडखळत म्हणाली, "बाबा, जेवून घ्या."