मृणालताई त्या दिवशी काय बोलल्या?

मृणालताई गेल्याचं मला माझ्या दुकानात कळलं. पोह्यांची पाकिटं पिशवीत भरता भरता एका बाईंनी सांगितलं, आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की आता उत्तर कोण देणार? त्याला महिना-दीड महिना झाला. राग अजून आहे.

ताई मूळच्या पुण्याच्या, पण आयुष्य इथे जपानमध्ये, एदोगावात गेलेलं. आमच्यासारख्यांच्या मुलांच्या शाळेची बोलणी असली की दुभाषी म्हणून वॉर्ड ऑफिसात सोबत येत. माझी ईरा तेव्हा पहिलीत जायची होती. बोलायची कमी, गोंगाट झाला की कान झाकून किंचाळायची. तिला घराजवळच्या साध्या शाळेत घेणार, की विशेष मुलांच्या शाळेत बसने लांब पाठवणार, हे त्या बैठकीवर ठरणार होतं.

दुसऱ्याच्या दुकानात पोती उचलण्यापासून स्वतःच्या दुकानापर्यंत मी आले ती घासाघीस करूनच. एक हवा असेल तर चार मागायचे. मला ईराशेजारी दिवसभर बसणारं माणूस हवं होतं. म्हणून सांगितलं, हिला हाताने जेवता येत नाही, ही पळून जाते, क्षणभर एकटी राहत नाही. समोरचे आता कमी करायला लागतील म्हणून मी थांबले. ते नुसती मान हलवत लिहीत राहिले. तेव्हा ताईंनी पेन खाली ठेवलं आणि त्या स्वतःच जपानीत बोलू लागल्या... बराच वेळ. मला त्यातलं 'ईरा-चान' एवढंच कळत होतं.

बाहेर सायकली लावतात तिथे मी भडकले. "मुलगी माझी. मध्ये बोलायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?"

"कुणीच नाही," ताई म्हणाल्या. "पण तुम्ही भाव करत होतात आणि ते खरं मानून लिहून घेत होते. पळून जाणारी मुलगी साध्या शाळेत कोण घेईल?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"तुमच्या दुकानात पाहिलं ते. तुम्हीही पाहा कधीतरी, दिवसभर तिथेच तर असता."

शाळा घराजवळची मिळाली. पण माणूस मागितलं तिथे वर्गाबाहेर व्हरांड्याच्या टोकाला एक खुर्ची मिळाली. गोंगाट सहन होईनासा झाला की ईराने तिथे जाऊन बसायचं, बरं वाटलं की आपणच परत यायचं. हा सौदा मी केला नसता. ताईंना मी नंतर कितीदा विचारलं; त्या कोथिंबिरीच्या जुड्या चाळत हसायच्या. मग टोमणा लागल्यासारखी मी खरंच पाहू लागले. दुकानात गर्दी झाली की ईरा मागच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांआड जाऊन बसे, आणि शांत झालं की न बोलावता बाहेर येई. हेच सांगितलं असेल का? पण एवढ्याला इतका वेळ?...

मागच्या आठवड्यात पालकांनी वर्ग पाहायचा दिवस होता. ईरा आता चौथीत आहे. सगळी मुलं एकदम बासऱ्या वाजवू लागली तशी ती उठली आणि माझ्याकडे न पाहता बाहेर गेली. मी मागोमाग गेले. व्हरांड्याच्या टोकाला आता दोन खुर्च्या होत्या.

"ही दुसरी कुणाची गं?"

"ज्याला लागेल त्याची," ती जपानीत म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसले. "ईरा, त्या मृणालताई तुला आठवतात का..."

तिने ओठांवर बोट ठेवलं आणि या वेळी मराठीत म्हणाली, "आई, इथे बोलत नाहीत."

आतल्या बासऱ्या थांबेपर्यंत मी गप्प बसून राहिले.