जतच्या टाकीवरचे नियम

जानेवारीचा दुसरा रविवार, सकाळी पावणेसहा, सांगली. गाडीत हजर: पहिल्या पटावरचे बँकेत नोकरी करणारे आमचे कप्तान, दुसऱ्या पटावरचे कवठे महांकाळचे कापड दुकानदार, सोबत तीन डबे, तिसऱ्या पटावरचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी, झोपलेला, चौथ्या पटावरची जत तालुक्यातली सातवीतली मुलगी, टक्क जागी, तिचे आजोबा, आणि मी, न खेळणारी व्यवस्थापक. सगळे वेळेवर. गाडी साताऱ्याकडे निघाली.

सांगली विरुद्ध सातारा हा बुद्धिबळाचा सामना आम्ही दर वर्षी खेळतो. चार पट, चार डाव, जिंकणाऱ्याला ढाल. यंदा नवा नियम आला: चौथ्या पटावर चौदा वर्षांखालचा खेळाडू हवाच, नाहीतर तो डाव समोरच्यांना. नियम मीच सुचवला होता, त्यामुळे मूल शोधून आणायचे कामही माझ्याकडे आले. शहरातली मुले चांगली खेळतात, पण रविवारी त्यांच्या शिकवण्या असतात. मी वही घेऊन पूर्वेकडच्या तालुक्यांत शाळाशाळांतून फिरले. बाराव्या शाळेत ही भेटली. मुख्याध्यापक म्हणाले, "हिला हरवणारा आमच्याकडं कोण न्हाई. मास्तरसुद्धा न्हाईत."

ती शिकली आजोबांकडून. गावात पाण्याच्या टाकीला मोठा कट्टा आहे. त्यावर कुणीतरी तेलरंगाने पट रंगवून ठेवला आहे आणि टँकरची वाट बघत म्हातारी माणसे तिथे खेळत बसतात. आजोबांनी उभा जन्म मेंढरे राखली. पावसाळा सरला की मेंढरे घेऊन कुठे कुठे जायचे, तिथे कुणाकडून तरी हा खेळ शिकले.

मुलीच्या आईला तयार करायला मला तीन फेऱ्या पडल्या. शेवटी ती म्हणाली, "एकदाच न्या. तिकडं पोरीचं हसं झालं तर परत नाव काढू नका. माझी पोरगी लय मानी हाय, एकदा खचली की खेळ तर सोडंलच, पर शाळंत बी बोलायची न्हाई." मी शब्द दिला. खरे तर असा शब्द देणे माझ्या हातात नव्हते.

सरावासाठी ती दोनदा सांगलीला आली. दुकानदारांशी खेळली, एकदा जिंकली. प्यादी मात्र एकेक घरच पुढे टाकायची. दुकानदार कौतुकाने म्हणाले, "पोर सावध आहे. उगाच धावत नाही." कप्तान म्हणाले, "ही शैली आहे, बदलू नका." मी वहीत लिहिले: शैली सावध. नवीन मुलांसाठी माझी सतरा ओळींची यादी आहे: ओळखपत्राची प्रत, पाण्याची बाटली, दोन पेने, स्वेटर, डाव सुरू होण्यापूर्वी नैसर्गिक विधी, आणि असेच पुढे. सतराच्या सतरा ओळींवर मी बरोबरची खूण केली.

साताऱ्यात एका शाळेच्या सभागृहात पट मांडले होते. प्रेक्षकांसाठी दोरी बांधलेली. आजोबा पागोटे सावरत दोरीला अगदी चिकटून उभे राहिले आणि मी त्यांच्या शेजारी. पंच म्हणजे एक निवृत्त शिक्षक, आवाज खणखणीत. मुलीसमोर तिच्याच वयाचा चष्मेवाला मुलगा होता, बोलका.

तासाभराने तिचा राजा मध्येच अडकला. समोरून वजीर आणि घोडा चालून येत होते. तिने थोडा विचार केला, राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरे लांब नेऊन ठेवला. मग शांतपणे घड्याळ दाबले.

मुलाने दोन्ही हात वर केले. "सर! सर! हिचा राजा उडाला!"

सभागृह हसले. इतर तीन पटांवरचेसुद्धा हसले, आमचे कप्तान धरून.

पंचांनी येऊन घड्याळ थांबवले. "बाळ, राजा असा चालत नाही."

"चालतो की," ती म्हणाली. "शह लागला न्हाई अजून. शह लागायच्या आधी एक डाव उडी असते."

दोरीपाशी आजोबांचा आवाज चढला. "आवं पंच, बराबर हाय पोरीचं! राजाला एक उडी असतीया. माझी सगळी हयात गेली खेळण्यात!"

आता पुन्हा हसू फुटणार, तोच पंचांनी हात वर केला. "बाबा, माझे चुलतेही तसेच खेळायचे. जुना देशी खेळ आहे तो, खोटा नाही. पण या स्पर्धेत तो नियम नाही. राजा मागे घ्यायचा, समोरच्याला दोन मिनिटे जास्त. आणि हात राजाला लागलाय, त्यामुळे राजाच हलवायचा, एक घर."

मुलीचे कान लाल झाले. आजोबांनी पागोटे काढून हातात घेतले आणि मला म्हणाले, "म्याडम, मीच पोरीचा घात केला. चला, तिला घिऊन घरी जाऊ." मी म्हटले, "तुम्ही नाही. मी दोनदा सराव घेतला, सतरा गोष्टी तपासल्या, पण कुठल्या नियमांनी खेळतेस हे विचारलंच नाही." तेव्हा कुठे मला ती सावध प्यादी आठवली. शैली कसली आलीय! टाकीवर प्यादे एकच घर चालते.

आणि लगेच दुसरी गोष्ट मनात आली. आणखी काय काय वेगळे असेल? पुन्हा एक चुकीची चाल झाली की डाव गेला. मला दोरीपलीकडे एक शब्द बोलायची परवानगी नव्हती.

ती रडली नाही. राजा मागे ठेवून तिने पंचांकडे पाहिले. "सर, तुमच्यात अजून काय काय येगळं हाय? आत्ताच सांगा सगळं. मागनं नको."

पंच म्हणाले, "नियम विचारायचा हक्क आहे तुला." घड्याळ थांबलेलेच होते. त्यांनी बोटे मोजत सांगितले. पहिल्या चालीला प्यादे दोन घरे जाऊ शकते. राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून किल्लेकोट कसा करतात ते. वाटेतले प्यादे कसे मारतात ते. आणि प्यादे शेवटच्या घरात पोचले की हवा तो मोहरा मिळतो.

"हवा तो? ज्या वळीतनं गेलं त्या वळीचा न्हाई?"

"हवा तो."

"वजीर बी?"

"वजीरसुद्धा."

तिच्या तोंडावर जे हसू आले, ते पाहून समोरच्या मुलाने चष्मा पुसायला घेतला. "सर, हिला शिकवू नका ना," तो कुरकुरला.

"नियम सांगतोय, डाव नाही. बस खाली."

पुढचा दीड तास मी तीन कप चहा प्यायले. कप्तान जिंकले, दुकानदार हरले, विद्यार्थ्याने बरोबरी केली. दीड-दीड. उरला चौथा पट. सगळे जण दोरीपाशी गोळा झाले. मुलीकडे राजा आणि दोन प्यादी, त्यातले घोड्याच्या ओळीतले अजून मूळ घरातच. मुलाचे एक प्यादे बरेच पुढे गेलेले. शर्यत होती, आणि एकेक घर चालत ती हरणारच होती. तिने त्या प्याद्यावर बोट ठेवले, पंचांकडे एकदा बघून घेतले आणि ते दोन घरे पुढे टाकले.

"पळालं की गं!" आजोबा ओरडले. पंचांनी त्यांना डोळ्यांनीच गप्प केले.

मुलाला वजीर मिळाला आणि पुढच्याच चालीला हिलाही. टाकीवर हिला त्या घरात घोडा मिळाला असता आणि खेळ तिथेच संपला असता. मग हिने शहांचा सपाटा लावला. मुलगा राजा इकडून तिकडे पळवून दमला. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली, तसा पंचांनी डाव बरोबरीत सोडवला. दोन-दोन. बरोबरी झाली की ढाल आधीच्या विजेत्यांकडे राहते, म्हणजे साताऱ्याकडे. मुलाने तिच्याशी हात मिळवला आणि म्हणाला, "ती उडी भारी आहे. आमच्यात पण पाहिजे होती."

परतताना उंब्रजला चहासाठी थांबलो. हॉटेलच्या टेबलावर मुलीने पट मांडला आणि आजोबांना नवे नियम शिकवायला घेतले. तिचे प्यादे दोन घरे गेले की आजोबा दर वेळी हात मध्ये घालायचे. "आरं, प्यादं हाय का घोडं? ह्याला काय अर्थ हाय?"

"आज्जा, नियम हाय. हात काढ."

"तुज्या नियमाच्या!"

मी तिच्या आईला दिलेल्या शब्दाचा विचार करत होते. हसे तर झालेच होते, आणि आम्हीही हसलो होतो. शेवटी मीच विषय काढला. "बाबा, घरी काय सांगायचं? हसले सगळे, हे मी लपवणार नाही."

आजोबांनी बशीतला चहा संपवला. "हसली, व्हय. मग ही हसली, अन् तिकडचं पोरगं रडवेलं झालं. तिच्या आईला मी सांगतो. फुडच्या वर्षी बी येईल ती. पर एक अट हाय. आमच्या टाकीवर बी एक खेळ घ्यायचा, बारक्या पोरांचा, आमच्या नियमानं. त्या चष्मेवाल्याला बोलवायचं. मग बघू कोण हसतंय."

"ठरलं," मी म्हटले. वही उघडून नवे पान काढले. एप्रिल, शाळेच्या परीक्षेनंतरचा रविवार. आतापर्यंत चष्मेवाल्याच्या वडिलांचा होकार आला आहे, साताऱ्याची आणखी तीन मुले येणार आहेत. पंच स्वतःहून येतो म्हणाले. जतकडची अकरा मुले नक्की, त्यात पाच मुली. मुलीच्या आईने सगळ्यांसाठी बाजरीच्या भाकरी आणि ठेचा करायचे कबूल केले आहे. कट्ट्यावरचा पट दुकानदार नव्याने रंगवून देणार आहेत.

राहिली आहे नियमांची पाटी. ती मी लिहून कट्ट्यावर लावायची आहे, मुले येण्याआधी, म्हणजे या वेळी कुणाच्याच चालीवर हात वर व्हायला नकोत. प्यादे एक घर, ज्या ओळीतून गेले त्या ओळीचा मोहरा, शह लागण्यापूर्वी राजाला एक उडी, इथपर्यंत सगळे एकमताने झाले. त्या उडीत समोरचा मोहरा मारता येतो का, यावर मात्र आजोबा म्हणतात येतो, आणि त्यांच्याबरोबर चाळीस वर्षे खेळणारे शेजारी म्हणतात कध्धीच येत नाही. मी दोनदा गेले, दोघांना समोरासमोर बसवले, दोन्ही वेळा टँकर आला आणि दोघे घागरी घेऊन उठले. रंगाचा डबा आणून ठेवला आहे, तीन ओळी लिहून झाल्या आहेत. चौथी अजून लिहायची आहे.