चौकातली सर्बियाची पोरगी

आमच्या गावच्या चौकात माझं जाहीर अभिनंदन झालं, तेव्हा फोटो सर्बियाच्या एका पोरीचा लावला होता. नाव मात्र माझं होतं, आणि तेही शुद्ध लिहिलेलं. तेवढे उपकार मी आजही मानते.

झालं असं, की राज्याच्या ज्युनियर फुटबॉल संघात फॉरवर्ड म्हणून माझी निवड झाली. चाकणजवळच्या आमच्या गावात निवड कशात झाली हे कुणी विचारत नाही, फ्लेक्स कधी लागणार ते विचारतात. फ्लेक्स अर्थातच काकांनी छापला. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, भावी सरपंच. गेली कित्येक वर्षं ते भावीच आहेत. वडील कंपनीतून शिफ्ट संपवून येत आणि झोपत, त्यामुळं घराच्या वतीनं बोलायचं कंत्राट काकांकडंच होतं.

मी त्यांना सामन्यातला फोटो पाठवला. मी, पायाशी बॉल, आणि मागं तोंडावर आपटलेली समोरच्या संघाची पोरगी. असा फोटो आयुष्यात एकदाच येतो! काकांनी तो बघितला आणि चहाची बशी खाली ठेवली. "चड्डीतला फोटो? चौकात? आपल्या घरच्या पोरीचा? लोक काय म्हणतील?"

लोकांनी काही म्हणू नये म्हणून प्रिंटिंगवाल्यानं इंटरनेटवरून एक गोरी पोरगी शोधून काढली. चड्डी तसलीच, तंगड्या तेवढ्याच उघड्या, उलट माझ्यापेक्षा लांब. पण तंगड्या परदेशी असल्यामुळं गावची अब्रू शाबूत राहिली. वर हात जोडलेले भलेमोठे काका, खाली गॉगल लावलेली त्यांची मित्रमंडळी, मधोमध ही पोरगी, आणि कोपऱ्यात माझा दहावीच्या ओळखपत्रावरचा फोटो, तेल चोपडून घातलेल्या वेण्यांसकट. शेजारच्या आजी मला म्हणाल्या, "तुजी मास्तरीण लई देखणी हाय गं."

मला असला राग आला! मग म्हटलं, बघावं तरी ही बया आहे कोण. फोनवर तोच फोटो टाकून शोधलं. माझ्याच वयाची, माझ्याच जागेवर खेळणारी, सर्बियातल्या गाड्यांच्या कारखान्यांच्या एका गावातली. म्हणजे तिकडचं चाकणच की! तेव्हापासून तिची प्रत्येक बातमी मी वाचते. त्या बिचारीला पत्ताही नाही, की आपण इकडं एका भावी सरपंचाचा प्रचार करून बसलोय.

पुढं दोघींचंही करिअर जोरात निघालं. ती तिच्या देशातल्या मोठ्या क्लबात गेली, मी कंपनीत वायरिंगच्या लाइनवर लागले. तिला सामन्यातली सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवलं, मला महिला दिनाच्या लिंबू-चमचा शर्यतीत पहिला नंबर आणि स्टीलची बाटली मिळाली. बाटली देताना साहेब म्हणाले, "आपली कंपनी महिलांच्या खेळाला फार उत्तेजन देते." मग ती परदेशातल्या क्लबात गेली आणि आमचा फ्लेक्स चौकातून गोठ्यात गेला, कडब्यावर झाकायला. शिफ्ट सुटली की मी चिखलीच्या मैदानावर सरावाला जात होते, पण त्याचं कुणाला काही पडलेलं नव्हतं.

आणि एक दिवस सीनियर संघाच्या निवड शिबिराचं बोलावणं आलं. या वेळी गेले नाही तर पुन्हा कुणी बोलावणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. काका म्हणाले, "आता कशाला? फ्लेक्स झाला की! नाव झालं, बास झालं." त्यांच्या लेखी माझं करिअर चौकातच पूर्ण झालं होतं. वडील नेहमीप्रमाणे झोपलेले. मी भांडले, रडले, ताट ढकललं आणि गोठ्यात जाऊन बसले.

आई धार काढत होती. माझ्या खेळाबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नव्हती. धार झाल्यावर तिनं कडब्यावरच्या त्या पोरीकडं बघितलं. "ही आजून खेळती व्हय?"

"खेळते की. परदेशात असते आता." मी तिला फोनवर त्या पोरीचा एक गोल दाखवला. आईनं पदराला हात पुसले आणि तो पुन्हा लावायला सांगितला. मग विचारलं, "आन् हिला हिच्या चुलत्यानं सोडली?"

मला हसू आलं आणि रडूही. "तिला चुलत्याला विचारावं लागत नाही, आई."

"आसं व्हय," एवढंच म्हणाली आणि चरवी उचलून घरात गेली.

सकाळी काकांपुढं चहा ठेवल्यावर ती तिथंच उभी राहिली. "भाऊजी, पोरगी शिबिराला जाणार हाय. म्या सांगितलंय तिला. आन् ह्या टायमाला फ्लेक्स लावायचा आसंल तर माज्या पोरीचा फोटो लावा. पायासकट." काका वडिलांकडं बघायला लागले. वडील चक्क जागे होते. म्हणाले, "जाऊ दे तिला."

माझी संघात निवड झाली. चौकात फ्लेक्स लागला नाही. काका म्हणाले, हल्ली फ्लेक्सला परवानगी लागते. काकांना कायद्याची एवढी चाड आहे हे गावाला तेव्हाच कळलं.

फोटो मात्र आहे. शिबिराला निघाले त्या सकाळी आईनं मला जर्सी आणि चड्डी घालायला लावली, गोठ्यापुढं उभं केलं आणि माझा फोन हातात घेतला. तिनं आयुष्यात काढलेला पहिला फोटो. कोपऱ्यात तिचं बोट आलंय, मागं सर्बियाची पोरगी अर्धीच दिसते, माझं कपाळ वरून कापलं गेलंय. पाय दोन्ही पूर्ण आलेत.