गूळतुलेचे वजन आणि ईराची खुर्ची

नात जन्मली तेव्हा अंबडच्या देवीला बोललेली गूळतुला या उन्हाळ्यात फेडायची ठरली आणि आम्ही नवीन जालन्याहून सकाळीच निघालो. गाडी पुतण्या दत्ताची. परदेशातून आलेल्या माझ्या मुलीने, मीनलने, चार वर्षांच्या ईरासाठी खांद्या-कमरेला पट्टे असलेली खुर्ची मागच्या आसनावर बांधली होती. पुढे कधीतरी लागेल म्हणून बूस्टरची उंच बैठकही आणली होती. पण खुर्चीची वजनमर्यादा ओलांडेपर्यंत बूस्टर नको, असे तिने सर्वांना बजावले होते.

जाणाऱ्यांनी गूळ जालन्यातूनच न्यावा. देवळापाशी भाव चढा असतो. पायऱ्याही उन्हाआधी चढाव्यात.

तुलेच्या वेळी दत्ताने पारड्यात बसलेल्या ईराच्या मांडीवर नारळ ठेवला, हाती पाण्याने भरलेला पितळी कलश दिला. "देवीला कमी पडू नये, काका." पारडी समतोल झाली, तेव्हा ढेपांचे वजन ऐकून तो हरखला.

दर्शन घेऊन उतरतो तो खुर्ची गाडीच्या टपावर! मागे बूस्टर मांडलेला, शेजारी दत्ताच्या सासूबाई. त्यांना अंबडहून जालन्याला यायचे होते आणि रुंद खुर्ची ठेवली तर मागे जागा पुरत नव्हती. वडीगोद्रीला जेवून सारे परतणार होतो.

"दादा, हे काय?" मीनलने दत्ताला विचारले.

"ताई, देवीसमोरच वजन झालं न्हाई का? मर्यादेच्या वर गेली पोरगी. मंग त्या खुर्चीचं काम खतम."

सासूबाई हसल्या. "आमची लेकरं मांडीवरच वाढली, माय."

पाहुण्यांपुढे वाद नको म्हणून मीनलने ईराला बूस्टरवर बसवून पट्टा लावला. मीही पुढच्या आसनावर जाऊन बसलो.

वडीगोद्रीच्या अलीकडे बैल आडवा आला. दत्ताने करकचून ब्रेक दाबला. झोपेत कलंडलेली ईरा बूस्टरवरून घसरली आणि गाडीचा मोठ्यांसाठीचा पट्टा थेट गळ्याला लागला. तिची किंकाळी ऐकली आणि माझा संयम सुटला.

गावातल्या पहिल्याच धान्याच्या दुकानापुढे मी गाडी थांबवायला लावली. ईराला रिकाम्या हातांनी काट्यावर उभे केले. वजन मर्यादेच्या आतच भरले.

"आता सांग, नारळ आणि कलश कोणी दिला होता?"

"मीच की, काका. ध्यानातच न्हाई राह्यलं."

"आपले ग्रंथ दीक्षेआधी शिष्याचा अधिकार, त्याची पात्रता पाहतात, आणि तू लेकराच्या जिवाचा अधिकार नारळाने ठरवलास? वजन भरले असते तरी ती झोपेत सरळ बसते का, पट्टा खांद्यावर राहतो का, हे पाहिलेस? काढ ती खुर्ची खाली!"

"काढतो. पण मंग सासूबाईला काय यष्टीनं धाडता?"

"त्या माझ्या जागी पुढे बसतील. यष्टीने मी जाईन."

जेवण मला गेले नाही. अंबडमार्गे जालन्याची गाडी लवकर मिळाली. रस्ता जागोजागी उखडलेला, खिडकी मिटत नव्हती. प्रत्येक धक्क्यासरशी ती किंकाळी आठवे.

घरी पोहोचलो तेव्हा दत्ता ओसरीवर प्रसादाचा गूळ वाटत होता. माझ्या हातावर खडा ठेवून म्हणाला, "काका, आता तरी गोड बोला."

ईराच्या गळ्यावरची लाल रेघ सकाळी दिसेनाशी झाली. तो खडा मात्र अजून देव्हाऱ्यात तसाच आहे. मला तो खाववत नाही.